चाळीस जणांची रात्र

लग्नाच्या वऱ्हाडाची बस ज्यानं एकदा तरी वेळेवर सोडून दाखवली आहे, त्याला माझा आजचा विषय निम्मा कळलेलाच आहे. चाळीस माणसं, एक वेळ, एक जागा. कुणाची पिशवी राहिलेली, कुणी ‘आलोच’ म्हणून गेलेला. फरक इतकाच, की मी ज्या चाळीस जणांबद्दल बोलणार आहे ते वेगवेगळ्या देशांत, आपापल्या घरी संगणकासमोर बसलेले असतात आणि त्यांना जायचं असतं एका ज्वालामुखीच्या पोटात.

खेळाचं नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझर्ड या अमेरिकी कंपनीनं तो नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आणि फेब्रुवारी २००५ मध्ये युरोपात आणला. मी पुण्यात बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळत असे. त्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांपैकी एक ‘मोल्टन कोअर’. चाळीस खेळाडू, वाटेत दहा मोठे शत्रू, शेवटचा आगीचा राजा राग्नारोस. अशा मोहिमेला खेळाडू ‘रेड’ म्हणतात. जर्मनी-फ्रान्सकडे रात्री आठला सुरू होणारी रेड हिवाळ्यात आपल्याकडे साडेबाराला सुरू होते. अशा वेळी एकानं अर्धा तास उशीर केला, तर तो उशीर अर्ध्या तासाचा राहत नाही. एकोणचाळीस जणांचे मिळून साडेएकोणीस तास जातात. माझ्यासाठी तर ती उद्याच्या ऑफिसच्या झोपेतून होणारी वजावट असे.

म्हणून या खेळातले शिष्टाचार गोड बोलण्यापासून सुरू होत नाहीत. ते आदल्या दिवशी सुरू होतात. चिलखत दुरुस्त करून ठेवायचं, कारण प्रत्येक मरणाला त्याचा दहा टक्के टिकाऊपणा जातो आणि शिकण्याच्या रात्री मरणं पुष्कळ येतात. आगीपासून वाचवणारी औषधं बनवून न्यायची. त्यासाठीचं सामान आधीच्या दोन-तीन संध्याकाळी गोळा करायचं. मोल्टन कोअरमध्ये तर एक खास पाणी लागे. सात ठिकाणच्या जळत्या खुणा त्या पाण्यानं विझवल्याशिवाय नववा शत्रू समोर येतच नसे. ते पाणी आणायला समुद्रकाठी दूरच्या कोपऱ्यात जावं लागे. ते काम कंटाळवाणं, कुणाच्या नजरेत न भरणारं. पण ते आदल्या दिवशी करून ठेवणारी चार-पाच माणसं ज्या गटात असत, तो गट पुढे जाई. तलवारी चांगल्या चालवणारे पुष्कळ भेटतात हो!

आत गेल्यावर कामं वाटलेली असतात. काहींनी मार खायचा, त्यांना ‘टँक’ म्हणतात. काहींनी त्यांना बरं करत राहायचं, ते ‘हीलर’, मी त्यांतली. बाकीच्यांनी शत्रूला मारायचं, पण टँकनं शत्रूचं लक्ष आपल्याकडे वेधून घेईपर्यंत हात आवरून. हा आवर घालणं भल्याभल्यांना जमत नाही. पाचवा शत्रू बॅरन गेडन. तो मधूनच कुणा एकाला जिवंत बॉम्ब करतो. ज्याला बॉम्ब लागला त्यानं काही सेकंदांत सगळ्यांपासून लांब पळायचं आणि एकट्यानं फुटायचं. तो गर्दीत उभा राहिला, तर शेजारचे पाच-दहा जण त्याच्याबरोबर जातात. माणूस पडद्याकडे बघतोय की मोबाइलवर बोलतोय, हे तिथे आपोआप कळतं. उठायचं असेल तर ‘दोन मिनिटं उठतोय’ असं लिहून उठावं. न सांगता गायब होणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

त्या काळी महाराष्ट्रात भारनियमन होतं. माझ्या गटातल्या डच म्होरक्याला मी पहिल्याच दिवशी लिहून कळवलं, की आमच्याकडे वीज कधीही जाऊ शकते. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दिवा चाले, संगणक नाही. त्यानं एवढंच केलं: मुख्य टँक कधी माझ्या एकटीवर सोपवला नाही. माझ्या जोडीला नेहमी दुसरा हीलर असे. दोनदा ऐन लढाईत वीज गेली आणि दोन्ही वेळा लढाई जिंकली गेली. अडचण आधी सांगितली की तिची सोय करता येते. ऐन वेळी सांगितलेलं कारण खरं असलं तरी चाळीस जणांच्या उपयोगाचं नसतं.

बोलण्याचंही एक शास्त्र आहे. लढाई चालू असताना माइकवर बोलायचं ते म्होरक्यानं आणि ज्याला काही कळवायचं आहे त्यानं. बटण दाबल्यावरच माइक सुरू होईल अशी सोय करून घ्यावी. माझ्या गल्लीतली कुत्री युरोपभर ऐकू जावीत अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा क्षणभर शांतता पसरली आणि मग बाईचा आवाज ऐकून काहींचे प्रश्न सुरू झाले: वय काय, राहतेस कुठे. म्होरक्या शांतपणे म्हणाला, “उपचारांच्या सूचना ती देतेय, ऐका.” विषय तिथेच संपला. पुष्कळ बायका अशा खेळांत वर्षानुवर्षं माइक बंद ठेवून खेळतात, कारण प्रत्येक गटाला असा म्होरक्या मिळत नाही.

मग येते लूट. हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला आहे, आणि भांडणंही आपल्यासारखीच. शत्रू मेला की दोन-चार वस्तू मिळतात आणि हात पुढे येतात चाळीस. यावर ‘एव्हरक्वेस्ट’ नावाच्या आधीच्या खेळातल्या लोकांनी १९९९ मध्येच एक तोड काढली होती. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा, वस्तू घेतली की गुण वजा; अगदी भिशीच्या वहीसारखं. पद्धत कुठलीही असो, ती दाराशीच सांगायला हवी. वस्तू पडल्यावर नियम सांगणारा म्होरक्या खरा असला तरी कुणाला खरा वाटत नाही. कंपनीनं २०१८ मध्ये वाटप पूर्णपणे संगणकाकडे दिलं आणि २०२२ मध्ये रेडसाठी पुन्हा खेळाडूंच्या ‘मला गरज आहे’ या बटणावर आणून ठेवलं. हे भांडण यंत्राला मिटवता आलं नाही, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

या शिष्टाचारांना धार होती ती ओळखीमुळे. सर्व्हर एक, माणसं तीच. आज कुणाला फसवलंत तर पुढच्या आठवड्यात तोच समोर. डिसेंबर २००९ मध्ये खेळात एक सोय आली. पाच जणांच्या छोट्या मोहिमांसाठी बटण दाबलं की संगणक वेगवेगळ्या सर्व्हरवरचे अनोळखी लोक एकत्र करून देई. वेळ वाचला, नाही असं नाही. पण नमस्कारही न करता लोक पळू लागले. नवा खेळाडू एकदा चुकला की मत टाकून त्याला बाहेर काढू लागले. तो पुन्हा कधी भेटणारच नव्हता. २०१९ मध्ये कंपनीनं जुना खेळ ‘क्लासिक’ म्हणून परत आणला, तेव्हा ही सोय त्यात ठेवली नव्हती. लोकांना पुन्हा एकमेकांना विचारून गट जमवावे लागले, आणि पुष्कळांना तेच आवडलं.

नव्या माणसाबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. ‘मी हे पहिल्यांदाच करतोय’ असं सुरुवातीला सांगणारा मला नेहमी चालतो. त्याला एका मिनिटात सांगता येतं: इथे उभा राहा, बॉम्ब लागला की त्या भिंतीकडे पळ. माहीत नसताना गप्प बसतो, तो मात्र सगळ्यांना महागात पडतो. आणि हरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात कुणाचं चुकलं हे कुणी बोलू नये. तेवढ्या वेळात मेलेल्यांना उठवून घ्यावं.

जाता जाता घरच्यांसाठी. हा खेळ मध्ये थांबवता येत नाही. कॅसेटसारखं त्याला ‘पॉज’चं बटण नाही. ‘आत्ताच्या आत्ता जेवायला ये’ म्हटल्यावर मुलगा हलत नाही, त्यात उद्धटपणा असेलही, पण बहुधा चार परकी पोरं त्याच्यावर अवलंबून असतात. ‘किती वाजता संपेल?’ असं सुरू होण्याआधी विचारावं आणि त्यानं खरी वेळ सांगावी. आमच्या फ्रिजवर मी कागद लावत असे: बुधवार आणि रविवार, साडेबारा ते साडेतीन. त्याखाली आईनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: ‘उठल्यावर दूध तापव. मी झोपलेली असेन.’