मागून हाक मारू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. घरात घडले तेवढेच सांगते.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी तो शकुन-अपशकुनाचा भाग समजत होते. मागल्या वर्षी नवरात्रात मत्स्योदरी देवीचे दर्शन घेऊन आम्ही टेकडी उतरत होतो. सासूबाई पुढे, एकेक पायरी मोजावी तशा लयीत चालल्या होत्या. पिशवी वरच राहिल्याचे मला आठवले आणि मी मोठ्याने हाक मारली, "अहो आत्याबाई!" त्यांनी चालता चालताच मान वळवली, उचललेला पाय पायरीच्या कडेवर पडला, आणि त्या हातावर पडल्या. मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्यांची वेणी मी घालत असे. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच लागले.

चालणे हे तालाचे काम आहे. प्रत्येक पावलाला शरीर थोडे पुढे झुकते आणि पुढचे पाऊल त्याला सावरते. डोळे, तळपाय आणि कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय या कामी एकमेकांना साथ देतात. ते पाऊल चुकले, की तोल गेलाच. तरुणपणी आपण चटकन सावरतो. वय झाले, की चालणे आणि ऐकणे एकदम जमत नाही. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धांची पाहणी केली. चालताना बोलणे निघाले की जे थांबत, ते पुढील सहा महिन्यांत अधिक पडलेले आढळले. माझ्या मुलीने हे मला वाचून दाखवले.

फुगडीत दोघींचा भार एकमेकींवर असतो. एकीने ताल सोडला, की दुसरीही पडते. त्या दिवशी ताल मी सोडला होता.

तेव्हा भगिनींनो, घरातले वडीलधारे जिना किंवा पायऱ्या उतरत असतील, तर हाक मारू नका. त्यांना खाली पोहोचू द्या, मग समोर जाऊन बोला.

यंदा आत्याबाई पुन्हा टेकडी चढल्या. उतरताना मी एक पायरी पुढे, तोंड मिटून. खाली आल्यावर त्याच म्हणाल्या, "आज मुकी झालीस का ग?"