खेळ स्वस्त, जागा महाग

(पक्षाच्या मुंबईतील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. महागाई, बेकारी, कंत्राटी मजुरी हे प्रश्न दारात उभे असताना ‘पिकलबॉल’ नावाच्या एका परदेशी खेळाच्या शिकवणीवर समाजवादी कार्यकर्त्यांनी वेळ का खर्चावा, ही शंका स्वाभाविक आहे. तथापि ज्या शहरात आपण काम करतो त्या शहराची जमीन कोणाच्या हाती आहे, हे समजून घ्यायचे असेल तर या खेळाइतके सोपे उदाहरण आज दुसरे नाही. म्हणून मी खेळाची नव्हे, तर खेळाच्या निमित्ताने जागेची चर्चा करणार आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. १९६५ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कॅलम या तीन गृहस्थांनी हा खेळ रचला. सुट्टीत कंटाळलेल्या मुलांना गुंतवायचे होते, अंगणात बॅडमिंटनचे जुने मैदान होते, पण पुरेसे साहित्य नव्हते. तेव्हा टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोके पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन काम भागवले गेले. पुढे मॅक्कॅलम यांनी प्लायवूडच्या फळ्या कापून बॅटी तयार केल्या. म्हणजे हा खेळ जन्मला तो हाताशी असलेल्या वस्तूंतून, कमीत कमी खर्चात. त्याचे मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, नेमके बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढे. जाळी कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. चेंडू कमरेखालून टाकायचा. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी एकेक टप्पा पडू द्यायचा. जाळीलगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारायचा नाही. खेळाडू या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. नियम एवढेच, की अर्ध्या तासात समजावेत. धावपळ टेनिसपेक्षा कमी, त्यामुळे वयस्कर माणसे, गृहिणी, लहान मुले एकाच मैदानावर खेळू शकतात.

आपल्याकडे मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी परदेशात पाहिलेला हा खेळ आणला आणि २००८ साली ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढची अनेक वर्षे तो मूठभर उत्साही मंडळींपुरताच राहिला. करोनाच्या साथीनंतर मात्र त्याचा प्रसार झपाट्याने झाला. चित्रपटतारे आणि उद्योगपती संघांचे मालक झाले, व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाल्या. २०२५ साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संस्थेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. मान्यतेचा आणि मालकीचा प्रश्न अशा रीतीने वरच्या पातळीवर हाताळला गेला. पण लालबागच्या चाळीतल्या किंवा गोवंडीच्या वस्तीतल्या मुलीला हा खेळ शिकावासा वाटला, तर तिने कुठे जावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तिला आज तीन दारे दिसतात. पहिले दार जिमखान्याचे. तेथे सभासदत्व लागते आणि ते पैशाने, ओळखीने किंवा वारशाने मिळते. दुसरे दार उंच इमारतींच्या पोडियमवरचे. तेथे मैदान आहे, संध्याकाळी शिक्षकही येतो, पण फाटकावरचा पहारेकरी रहिवाशाखेरीज कोणाला आत सोडत नाही. त्याच इमारतीत तिची आई धुणीभांडी करीत असली तरी तिच्यासाठी ते दार बंदच. तिसरे दार बाजाराचे. भ्रमणध्वनीवरून तासाच्या हिशेबाने मैदान राखून ठेवायचे आणि शिक्षकाचे शुल्क वेगळे द्यायचे. हे दार सर्वांना उघडे आहे असे सांगतात. तारांकित हॉटेलाचे दारही त्याच अर्थाने सर्वांना उघडे असते.

आता थोडा हिशेब करू. उदाहरणादाखल एका मैदानाचे तासाचे भाडे हजार रुपये धरू. चार जणांत ते वाटले तर प्रत्येकी अडीचशे. शिकायचे तर आठवड्यातून तीन दिवस तरी खेळले पाहिजे, म्हणजे महिन्याला बारा तास आणि तीन हजार रुपये. शिक्षकाचे शुल्क, बॅट, बूट आणि जाण्यायेण्याचा खर्च यांत धरलेला नाही. घरकाम करणाऱ्या बाईने किंवा कंत्राटी सफाई कामगाराने आपल्या मुलाच्या खेळासाठी दरमहा एवढी रक्कम काढावी, असे म्हणणे ही त्यांची थट्टा होय.

पण ही रक्कम नेमकी कशाची किंमत आहे? बॅट अनेक वर्षे टिकते, चेंडूला फार पैसे पडत नाहीत, जाळी आणि रंगाच्या चार रेषा यांचा खर्च एकदाच करावा लागतो. महाग आहे ती जागा. रिकार्डोने १८१७ साली मांडलेला खंडाचा सिद्धांत आपण शेतजमिनीच्या संदर्भात शिकलो. शहरात तो अधिकच उघडपणे लागू होतो. टेनिसच्या एका मैदानाला भोवतालच्या मोकळ्या जागेसह सुमारे ७,२०० चौरस फूट लागतात. तेवढ्याच जागेत पिकलबॉलची चार मैदाने बसतात. टेनिसच्या दुहेरीत चार माणसे खेळतात, येथे एका वेळी सोळा. आपल्याच उदाहरणातील दराने ही चार मैदाने दिवसाचे दहा तास भरली, तर त्या तुकड्यावर रोज चाळीस हजार रुपये जमा होतात. गच्च्या, गोदामे आणि रिकामे भूखंड एकाएकी हिरव्या-निळ्या रंगाने का रंगू लागले, याचे उत्तर खेळाच्या गोडीइतकेच या गुणाकारात आहे. मैदाने वाढली म्हणजे खेळ लोकांपर्यंत पोचला, असा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. जो वाढला तो मुख्यतः खंड.

हे आपोआप घडलेले नाही. मुंबईत मोकळी जागा निर्माण करण्याची फार मोठी संधी गिरण्यांच्या जमिनींच्या रूपाने आली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी सांगितली होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची करायची, बांधकाम पाडून मोकळी होणारी जागा मालकाकडेच राहील, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. ज्या जमिनीवर महापालिकेची क्रीडांगणे व्हायची, तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. आज त्यांतल्या काही मनोऱ्यांत पिकलबॉल खेळला जातो. गिरणी कामगाराच्या नातवाला तो खेळ खालच्या रस्त्यावरून फक्त ऐकू येतो.

काही साथी म्हणतील की हा श्रीमंतांचा खेळ आहे, आपल्याला कबड्डी आणि खो-खो पुरे. कबड्डीचा अभिमान मलाही आहे. गिरणगावातल्या व्यायामशाळांनी आणि मंडळांनी ती जोपासली. पण कोणता खेळ कोणाचा, हे खेळाच्या जन्मावरून ठरत नाही, त्याच्या मैदानावर कोणाला प्रवेश आहे यावरून ठरते. क्रिकेटही एकेकाळी साहेबांचा आणि जिमखान्यांचा खेळ होता. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर पाळवणकर बाळू खेळपट्टीची देखभाल करीत आणि सरावाच्या जाळीत साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकीत. तेच त्यांचे शिक्षण. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारतीय संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले, तरीही अस्पृश्यतेने त्यांची पाठ सोडली नाही. एक बाळू मागच्या दाराने आत शिरला म्हणून दार न्याय्य होत नाही. किती बाळू बाहेरच राहिले, याची मोजदाद कोणत्याही धावफलकावर नसते.

शिक्षकाचाही विचार केला पाहिजे, कारण तोही कामगार आहे. आज पिकलबॉल शिकवणाऱ्यांत टेनिस-बॅडमिंटनमधून आलेले अनेक तरुण आहेत. कित्येकांना तासावर पैसे मिळतात, पावसाने खेळ बंद पडला की मजुरी बंद, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. पालक भरतात त्या रकमेतला मोठा वाटा जागेचा मालक आणि मधला दलाल घेतो. दुसऱ्या बाजूला, चार दिवस खेळलेला मनुष्यही स्वतःला प्रशिक्षक म्हणवू शकतो. म्हणून आपल्या वस्तीतल्या कोणाला शिकवणी लावायची असेल तर कार्यकर्त्यांनी त्याला चार प्रश्न विचारायला सांगावे. शिक्षकाने स्वतः कोठे शिक्षण घेतले? एका मैदानावर एका वेळी किती विद्यार्थी असतात? शरीर तापवण्याचा व्यायाम आणि प्रथमोपचार यांची सोय आहे काय? आणि लहान मुलांच्या वर्गाला पालकांना बसून पाहता येते काय? पहिल्या दिवसापासून जोरात फटके मारायला लावणारा शिक्षक टाळावा. हा खेळ संथ, हलक्या हाताच्या चेंडूंवर उभा आहे. प्रौढांनी तर धावत मागे जाणे टाळून वळून जायला शिकले पाहिजे, नाहीतर पडून हाड मोडते.

मग करायचे काय? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नागरी संस्थांच्या कार्यक्षेत्रातील बाब म्हणून नोंदलेली आहे. त्या आधारे तीन मागण्या मांडता येतील.

पहिली, कोणतेही सार्वजनिक क्रीडांगण कुंपण घालून तासाच्या भाड्याने देण्यासाठी खासगी संस्थेच्या हवाली करू नये. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा खासगी संस्थांना देखभालीसाठी देण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांच्या विरोधामुळे मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले. लोक जागे असले म्हणजे हे शक्य होते. पिकलबॉलच्या नावाखाली मुलांचे मोकळे मैदान बळकावले जात असेल तर आपण मुलांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

दुसरी, महापालिकेच्या शाळांची सभागृहे आणि फरसबंद अंगणे संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी खुली करावीत. जेथे बॅडमिंटनच्या रेषा आहेत तेथे जाळी खाली उतरवली की काम भागते. नवी जमीन लागत नाही, कुंपण लागत नाही, आणि सकाळी तेच अंगण पुन्हा शाळेचे होते. चेंडूचा टकटक आवाज शेजाऱ्यांना त्रास देतो, ही तक्रार अमेरिकेतही मोठी आहे. म्हणून वेळा रहिवाशांशी बोलून ठरवाव्यात.

तिसरी, महापालिकेच्या शारीरिक शिक्षण शिक्षकांना हा खेळ शिकवण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि बाहेरून शिक्षक घेतल्यास त्याला मासिक वेतन द्यावे. काही तास स्त्रियांसाठी राखून ठेवावेत, कारण कामावरून परतणाऱ्या बाईला मैदान सर्वांत शेवटी मिळते.

मागण्या करून थांबणे आपल्या परंपरेत बसत नाही. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखेच्या मैदानावर मुलामुलींना एकत्र खेळवले आणि त्या खेळातून जात विसरायला लावली. मृणालताई गोरे यांनी नळाच्या पाण्याला राजकारणाचा विषय केला तेव्हा तोही काहींना क्षुल्लक वाटला होता. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील क्रीडांगणांसाठी राखीव भूखंडांची यादी विकास आराखड्यातून काढावी, प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्यांची आजची स्थिती नोंदवावी, आणि जेथे कागद बोलत नाहीत तेथे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. जवळच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून एका संध्याकाळचे अंगण मागावे. चार बॅटी, एक जाळी आणि खडूच्या रेषा यांवर पहिला वर्ग सुरू होऊ शकतो. परवानगी नाकारली गेली तर ती कोणी आणि कोणत्या कारणासाठी नाकारली, हे लेखी घ्यावे. पुढच्या सभेचा विषय तोच असेल.