चकवा आणि कॅमेरा

चकवा लागलेला माणूस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. निदान त्याची हकीकत तरी ऐकली असेल. रात्री शेतातून गावाकडे निघालेला माणूस. वाट रोजच्या पायाखालची. पण चालून चालून तो पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. तिसऱ्यांदा बाभूळ दिसली की त्याला दरदरून घाम फुटतो. उजाडल्यावर कळतं, गाव हाकेच्या अंतरावर होतं! यात भूत कुठं आलं? 2009 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालवून पाहिलं. सूर्य-चंद्र दिसेनासा झाला की ती नकळत गोल फिरू लागली. इतका साधा उलगडा आहे. आणि तरी गोष्ट ऐकताना आपण पाय वर ओढून घेतोच.

आता खिशातल्या मोबाइलमध्येच कॅमेरा आला. त्यामुळं अकोल्या-अमरावतीकडची पुष्कळ मुलं दहा-बारा मिनिटांचे भीतिपट काढू पाहतात. भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सर, भूत कसं करायचं? पैसे तर नाहीत." माझं उत्तरही ठरलेलं : मग भूत करूच नका.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या लघुपटात मी हडळ दाखवली होती. मोकळे केस, पांढरं लुगडं, तोंडाला पीठ. जिथं चित्रण केलं त्याच गावात पडदा बांधून तो दाखवला, तर मंडळी खो-खो हसली. त्याचं मला वाईट वाटलं. पण खरं वाईट पुढंच होतं. गावाच्या टोकाला एक आजी एकटी राहत असे. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला माझ्या हडळीच्या नावानं हाका मारू लागली. पोरांची चेष्टाच ती, पण अशी चेष्टा कुठवर जाते हे ठाऊक असल्यामुळंच तर महाराष्ट्राला 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. मी आजीच्या दारात जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "मले कायले सांगतं बाप्पा? थ्या पोट्ट्याईले सांग." पोरांना सांगितलं. त्यांनी किती ऐकलं, देव जाणे.

चकव्याला तोंड नसतं. त्याच्यापायी कुणाकडे बोट जात नाही. शिवाय खर्च काय, तर एक माणूस, एक बाभूळ, एक कंदील.

जागेसाठी लांब जाऊ नका. नरनाळा आणि गाविलगड मोहात पाडतात खरे, पण ते मेळघाटच्या रानात. रात्री तिथं चित्रणाचा विचारच नको. आणि पडका किल्ला दिसला की प्रेक्षक आधीच सावध होऊन बसतो. त्यापेक्षा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पाहा. भूगर्भातलं पाणी खारं, म्हणून बागायत नसल्यासारखी. झाडं विरळ, जमीन परातीसारखी सपाट. खुणेला काही नाहीच! विशाल फुरिया यांनी 2017 साली प्रदर्शित झालेल्या 'लपाछपी'त उसाच्या फडाचाच चक्रव्यूह केला. पुढं 2021 मध्ये त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' म्हणून काढला. आपल्याकडे डोक्याएवढी तूर आहे आणि डिसेंबरात तिच्या शेजारी फुटलेली कपाशी. चांदण्यात ती पांढरी बोंडं पाहिलीत का कधी? नुसतं बघत राहावं.

मात्र अंधाराचं चित्र अंधारात घेऊ नका. मोबाइलवर ते वाळू सांडल्यासारखं येतं. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळं राहतं, तेवढ्यात काम उरका. एका संध्याकाळी तीन-चार तुकडे होतील, म्हणजे आठवडा जाईल. पैसा नसला की दिवस खर्चावे लागतात. कंदिलात वात पेटवू नका. वाळल्या कपाशीजवळ जाळ नको. बॅटरीचा बारका दिवा पिवळ्या कागदात गुंडाळून आत ठेवला की पडद्यावर कुणाला कळत नाही.

आणि आवाज! तुम्हां रेडिओ ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको. 1942 साली हॉलिवूडमध्ये 'कॅट पीपल' नावाचा थोड्या पैशांतला चित्रपट निघाला. त्यात एक बाई रात्री रस्त्यानं चाललेली आहे. मागं पावलं वाजतात, मग वाजेनाशी होतात, आणि एकदम श्वापदानं फिस्कारल्यासारखा आवाज. असते ती बस! आपल्या शेतात रातकिडे आहेत, टिटवी आहे, लांब कुठं मोटारपंप चालू असतो. प्रत्येक जागी मिनिटभर कुणी बोलू नका, हलू नका, नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. रातकिडे ओरडत असतात तोवर ते ऐकूच येत नाहीत. माणूस बाभळीपाशी तिसऱ्यांदा आला की ते झटकन बंद करा. त्याला पुणेरी मात्र बोलायला लावू नका. "काऊन, हे बाभूय तं मघाच गेलती ना?" एवढंच, तेही पुटपुटत.

आता एक गोष्ट रागावून सांगतो. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. बेकायदा आहे, तरी सोडतात. त्यात माणसं मेली आहेत. तेव्हा ज्याचं शेत त्याला बरोबर घेऊन दिवसाउजेडी सगळं रान पायाखाली घाला. बिनकठड्याची विहीर कुठं आहे ते पाहा. पायांत बूट हवेतच, धुऱ्यावर घोणस असते. जागलीला बसणाऱ्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते तुम्हांला चोर समजतील. घरी निघताना माणसं मोजा. दिग्दर्शकाचं हे काम दुसऱ्यावर टाकू नका.

माझा चकव्याचा लघुपट मी त्याच गावात नेला. शेवटी माणूस कंदील खाली ठेवतो आणि कॅमेरा त्याच्या पाठीशीच थांबतो. चेहरा दाखवलेलाच नाही. या वेळी कुणी हसलं नाही. त्या आजी पुढंच बसल्या होत्या. पडदा काढताना जवळ येऊन त्यांनी विचारलं, "मंग थो घरी पोचला का नाई?"

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.