शंभर किलोमीटर, दुसऱ्यांसाठीं

दुष्काळांत सांपडलेल्या लोकांसाठीं पैसा उभा करावयाचा आणि त्यासाठीं आपण शंभर किलोमीटर डोंगर तुडवावयाचे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. घरांतील वडील मंडळी लगेच विचारतील कीं, पैसे द्यावयाचे तर सरळ द्या. तुमच्या पायांना फोड आल्यानें भुकेल्याच्या पोटांत एक घांस तरी जाणार आहे काय? प्रश्न रोखठोक आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. परंतु उत्तर देण्यापूर्वीं असें एक चालणें कसें सुरू झालें, तें पाहूं.

हाँगकाँग म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच इमारती आणि गजबजलेलें बंदर उभें राहतें. पण त्या लहानशा प्रदेशाचा बराच मोठा भाग डोंगराळ आहे. तेथील एक गव्हर्नर सर मरे मॅक्लेहोज यांना डोंगरांतून पायीं भटकण्याची मोठी हौस. त्यांच्या कारकीर्दींत, १९७९ सालीं, पूर्वेच्या साई कुंग भागापासून पश्चिमेच्या ट्युन मुनपर्यंत शंभर किलोमीटरांची एक पायवाट खुली झाली, आणि तिला त्यांचेंच नांव मिळालें. शंभर किलोमीटर म्हणजे बासष्ट मैल. जुन्या हिशेबानें एकतीस कोस. वाट सपाट नाहीं. एक डोंगर उतरून होतो न होतो तोंच दुसरा समोर उभा. आणि तै मो शान हा तेथील सर्वांत उंच, ९५७ मीटरांचा पर्वत याच वाटेवर लागतो.

त्या काळीं हाँगकाँगमध्यें ब्रिटिश लष्कराच्या गुरखा पलटणी होत्या. १९८१ सालीं गुरखा सिग्नल्स दळानें चौघाचौघांच्या तुकड्या करून शिपायांना सरावासाठीं या वाटेनें सोडलें, आणि त्या सरावाला देणग्यांची जोड दिली. १९८६ मध्यें नागरिकांनाहि त्यांत भाग घेण्याची मुभा मिळाली आणि ऑक्सफॅम ही संस्था त्यांत सामील झाली. ‘ट्रेलवॉकर’ या नांवानें हें चालणें पुढें अनेक देशांत पसरलें.

या ऑक्सफॅमचा जन्महि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १९४२ सालीं ग्रीस शत्रूच्या ताब्यांत होता. दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळें तेथें धान्य पोंचेना, आणि माणसें भुकेनें मरत होतीं. तेव्हां ऑक्सफर्ड येथील कांहीं मंडळींनीं एक समिती स्थापन केली. ग्रीक नाटकांचे भाषांतरकार प्रोफेसर गिल्बर्ट मरे हे त्यांपैकींच एक. आपल्याच सरकारची नाकेबंदी थोडी सैल करा आणि भुकेल्यांना अन्न जाऊं द्या, असें भर युद्धांत सांगावयास छाती लागते. पुढें १९५१ सालीं बिहारमध्यें अन्नाचें दुर्भिक्ष पडलें, तेव्हां हीच संस्था मदतीस आली होती.

आतां चालण्याविषयीं. मुदत अठ्ठेचाळीस तासांची. आम्हां शाळामास्तरांना आधीं गणित सुचतें. सपाटीवर माणूस तासाला चार-पांच किलोमीटर सहज चालतो. मग शंभरांस वीस-पंचवीस तास पुरे, दोन दिवस कशाला? पण येथें चढ आहे, उतार आहे, आणि मुख्य म्हणजे रात्र आहे. चढावर दम लागतो, पण उतारावर गुडघे बोलूं लागतात. घामानें ओला झालेला मोजा कातडीवर घांसून फोड येतो, आणि फोड आलेला माणूस पाऊल तिरपें टाकूं लागला कीं दुसरा पायहि दुखावतो. पहाटे तीनच्या सुमारास झोंपेनें डोळे मिटत असतांना हातांतल्या दिव्याच्या प्रकाशांत दगड चुकवीत चालावें लागतें. वाटेंतील चौक्यांवर स्नेहीसोबती गरम खाणें आणि कोरडे मोजे घेऊन बसलेले असतात, म्हणून निभावतें.

चौघांनीं बरोबर निघावें आणि बरोबर राहावें, हा या चालण्याचा मुख्य दंडक. एखादा खरोखरच चालेनासा झाला, तर त्याला चौकीवर सोंपवून इतरांस पुढें जातां येतें. पण तोंवर सर्वांत मंद गड्याची चाल तीच सर्वांची चाल. शर्यतीच्या वेडांत वाढलेल्या तरुणांना हें फार जड जातें, असें माझें मत आहे. सुदैवानें येथें त्यावांचून गत्यंतर नसतें.

वडील मंडळींच्या प्रश्नाचें उत्तर मात्र डोंगरांत नाहीं. तें निघण्यापूर्वींच्या आठवड्यांत आहे. प्रत्येक तुकडीनें ठराविक रक्कम जमवावी, अशी अट असते. म्हणजे चौघांनीं शेजारी, कचेरींतील सहकारी, काका-मावशी यांच्यापुढें हात पसरावयाचा. सुशिक्षित माणसास चालण्यापेक्षां हें मागणें अधिक कठीण जातें. ‘दुष्काळग्रस्तांना कांहीं द्या’ एवढेंच म्हटलें, तर ऐकणारा मान हलवून वर्तमानपत्र पुढें ओढतो. ‘मी दोन दिवस चालणार आहें, माझ्या मागें तुम्ही किती देतां?’ असें विचारलें कीं बोलणें सुरू होतें. मागणाऱ्याची लाज जाते, कारण तोहि कांहीं देत आहे. देणाऱ्यालाहि पैसा कोठें जातो, हें विचारण्याची संधि मिळते. फोडांनीं कोणाचें पोट भरत नाहीं, हें खरेंच; पण ज्यानें एरवीं दमडी दिली नसती, तो या निमित्तानें देतो.

अंतराचेंहि फारसें स्तोम नको. एप्रिल २०२० मध्यें इंग्लंडांत कॅप्टन टॉम मूर हे नव्याण्णव वर्षांचे गृहस्थ, महायुद्धांत हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथें नोकरी केलेले, आधाराची चौकट धरून आपल्या बागेंत चालूं लागले. पंचवीस मीटरांच्या शंभर खेपा, म्हणजे सारे अडीच किलोमीटर! हजार पौंड मिळावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. रुग्णसेवेच्या निधीस तीन कोटी वीस लाख पौंडांहून अधिक मिळाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. चालणारा आपल्या ओळखीवर पैसा मागतो. म्हणून संस्थेच्या वर्तनाचा डाग त्याच्याहि शब्दाला लागतो. हैतीमध्यें २०१० च्या भूकंपानंतर ऑक्सफॅमच्या कांहीं नोकरांनीं केलेलें दुर्वर्तन २०१८ सालीं उजेडांत आलें, आणि हजारों नियमित देणगीदारांनीं आपली वर्गणी बंद केली. मला त्यांचा राग समजतो. तथापि वर्गणी बंद झाली म्हणजे दोषी माणसाचें कांहीं जात नाहीं, तंबूंत राहणाऱ्याचें जातें. आपल्या घरांतील कोणी तरुण अशा चालण्यास निघाला, तर बुटांची चौकशी करण्याआधीं त्याला विचारावें: पैसा कोणाच्या हातीं जाणार, आणि हिशेब केव्हां मिळणार? ज्याला हें सांगतां येतें, त्याला निःशंकपणें द्यावें.

१९९७ सालीं हाँगकाँग चीनकडे गेलें आणि गुरखे तेथून निघाले. त्यांनीं आपलें चालणें इंग्लंडांत साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर नेलें. तेथें जमणाऱ्या पैशांत ऑक्सफॅमबरोबर गुरखा वेल्फेअर ट्रस्टचाहि वाटा असे. ही संस्था १९६९ पासून नेपाळांतील वृद्ध गुरखा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मदत करीत आली आहे. त्या वृद्धांपैकीं कित्येकांना आपली रक्कम घेण्यासाठीं डोंगर उतरून तासन्‌तास पायीं यावें लागे.