कॅमेऱ्यामागची बाई आणि आमचं सोलापूर

भाकऱ्या थापत ऐकत असाल तर थापत राहा, हात थांबवू नका.

आज आम्हाला एका फोटोवरून बोलायचं आहे. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात आमच्या गटानं कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा स्टॉल लावला होता. आमच्यातल्या एका ताईनं मुलाच्या मोबाइलवर भाकरीच्या चवडीचा फोटो काढला. उन्हाची तिरीप भाकरीवर पडलेली, शेजारी चटणीची वाटी. असा सुरेख आला की माहितीपत्रकावर तोच छापला. आणि खाली नाव कुणाचं? तिच्या मालकांचं! फोन त्यांच्या नावावर, म्हणून फोटोही त्यांचा. ताई हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या की, घरातलंच नाव आहे." आम्हीही तेव्हा हसलो. पण ते हसणं काही गळ्याखाली उतरलं नाही.

मग आम्हाला होमाई व्यारावाला यांची गोष्ट वाचायला मिळाली. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या पहिल्या बाई. पारशी घरातल्या. जन्म 9 डिसेंबर 1913, गुजरातेत नवसारीला. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट, त्यामुळे गावोगाव फिरणं लहानपणापासूनच. पुढे त्या मुंबईला आल्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. माणेकशा व्यारावाला यांच्याकडून कॅमेरा शिकल्या आणि पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, वर्गातल्या मैत्रिणी, सहलीला गेलेल्या बायका, असे त्यांचे सुरुवातीचे फोटो. एका फोटोला एक रुपया मिळायचा.

आता ऐका. त्यांचे सुरुवातीचे कितीतरी फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. बाईला कोण ओळखतंय, बाईनं काढलेला फोटो कोण घेतंय, असा तो काळ. हे वाचलं तेव्हा आम्ही सगळ्या त्या ताईकडं बघायला लागलो. ती म्हणाली, "म्हंजे मी एकटीच न्हाई तर!"

1942 साली होमाईबाई नवऱ्याबरोबर दिल्लीला गेल्या. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात काम मिळालं. साडी नेसून, जड कॅमेरा आणि सामान घेऊन त्या सायकलवरून दिल्लीभर फिरायच्या. लोकांना वाटायचं, ही बाई उगाच हौस म्हणून कॅमेरा घेऊन हिंडते. त्याचा त्यांनी फायदाच करून घेतला. कुणी मनावरच घेत नाही म्हटल्यावर कुणी अडवतही नाही! फाळणीच्या ठरावाला हात वर करणारे नेते त्यांनी टिपले. 16 ऑगस्ट 1947 ला लाल किल्ल्यावर झेंडा चढला, तो टिपला. गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. बरोबरीचे पुरुष फोटोग्राफर त्यांना 'मम्मी' म्हणायचे. 'डालडा 13' या टोपणनावानंही त्या ओळखल्या जायच्या. त्यांच्या गाडीचा नंबर होता डीएलडी 13, त्यावरून ते नाव.

1956 साली दलाई लामा नथू ला खिंडीतून सिक्कीमला येणार होते. ती खिंड सुमारे चौदा हजार फुटांवर आहे. होमाईबाई दिल्लीहून तिकडं फोटो काढायला गेल्या. आम्हाला तालुक्याच्या मीटिंगला जायचं तरी घरात दहा जणांना सांगावं लागतं, सासूबाईंचं औषध, पोरांचा डबा, म्हशीची धार. म्हणून ही बाई डोंगराच्या टोकाकडं निघाली हे वाचताना आम्ही नकाशाच उघडून बसलो होतो. सिक्कीम कुठं, दिल्ली कुठं, बोटानं अंतर मोजत.

तेव्हाच कुणीतरी बोललं, आपण सोलापूर तरी धड पाहिलंय का?

खरंच की. आमच्यातल्या काही जणींचं माहेर शहराला लागून, तरीही. सोलापूरला आम्ही जातो ते दवाखान्याला, बँकेला, लग्नाच्या बस्त्याला. एसटी स्टँडवर उतरायचं, काम उरकायचं, परतीची गाडी धरायची. गड्ड्याच्या जत्रेला जायचो, पण पोरांचा हात सुटू नये म्हणून नजर खालीच.

मग ठरवलं आणि एका गुरुवारी अकरा जणी निघालो. फोन तीन. प्रत्येकीनं पाचच फोटो काढायचे, असा नियम. होमाईबाईंच्या काळी फिल्म संपायची, म्हणून त्या आधी बघायच्या आणि मग बटण दाबायच्या. आम्हीही तसंच करायचं. (आमच्यातल्या एकीनं पहिले तीन फोटो आपल्याच अंगठ्याचे काढले, ते सोडून द्या.)

आधी सिद्धेश्वराचं देऊळ. तळ्याच्या मधोमध देऊळ, बाजूला भुईकोट किल्ला. पाण्यात कळसाची सावली पडते हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. दर्शन घेतलं की चप्पल शोधायची घाई. त्या दिवशी अर्धा तास काठावर उभ्या राहिलो. मग इंद्रभुवन, महापालिकेची ती जुनी देखणी इमारत. तिथं आम्ही दाखल्यांसाठी खेटे घालतो, पण मान वर करून तिची नक्षी कधी बघितली नव्हती. पुढं एका जुन्या गिरणीची चिमणी दिसली. एका काकूंचे वडील गिरणीत कामाला होते. भोंगा झाला की आई चूल पेटवायची, एवढंच त्या बोलल्या. पाचही फोटो त्यांनी त्या चिमणीचेच काढले.

तळ्याकाठी एका माणसानं विचारलं, "कुणाचे फोटो काढताय? कशाला?" एरवी आम्ही गुपचूप बाजूला झालो असतो. आमची भाकरीवाली ताई म्हणाली, "आमचं सोलापूर हाय, त्याचे." तो गेला निघून. एवढं साधं होतं ते.

आम्हाला वाटतं, बाईला शहर दिसत नाही ते नजरेच्या दोषानं नव्हे. तिला रस्त्यात थांबायची मुभाच नसते. थांबली की लोक विचारतात, काय काम आहे? हातात कॅमेरा असला की निदान उत्तर तयार असतं.

होमाईबाईंनी 1970 च्या सुमारास, नवरा गेल्यानंतर, फोटो काढणं सोडून दिलं. पुन्हा कॅमेऱ्याकडं वळल्या नाहीत. शेवटची वर्षं वडोदऱ्याला एकट्या राहिल्या, घरातली दुरुस्ती, सुतारकाम स्वतः करायच्या. लोकांना त्यांची आठवण फार उशिरा झाली. 2011 साली पद्मविभूषण मिळाला आणि पुढच्याच जानेवारीत, 15 तारखेला, त्या गेल्या. वय अठ्ठ्याण्णव. ज्या बाईनं इतकी मोठी माणसं जगाला दाखवली, तिचा चेहरा आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हता. शाळेच्या पुस्तकात कितीतरी जुने फोटो पाहिले, पण ते काढले कुणी, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

आता आमचं काम सांगतो. पंचावन्न फोटोंमधले बारा निवडलेत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ग्रामसंघाच्या खोलीत लावणार आहोत. भांडणं झाली निवडताना, ती झालीच. चिमणीचा एक आहे, कळसाच्या सावलीचा आहे. भाकरीच्या चवडीचा तो जुना फोटोही मोठा करून आणलाय. प्रत्येक फोटोखाली काढणारीचं नाव, स्वतःचं, तिच्याच हातानं लिहायचं. दोघी जणी अजून लिहायला शिकताहेत, त्यांच्यासाठी जागा जरा मोठी सोडलीय.