उल्लेखांची मोजणी आणि पिकाची निवड

पदवी ग्रहण करणाऱ्या स्नातकांसमोर बोलताना वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्रात संशोधकाचे मोल ज्या आकड्यांवरून ठरवले जाते त्यांच्याकडे वळणे उचित ठरेल. कारण आज मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा हेच आकडे स्नातकांच्या पुढील आयुष्यावर अधिक सत्ता गाजवणार आहेत.

एका शोधनिबंधाचा दुसऱ्यात संदर्भ म्हणून येणारा निर्देश म्हणजे सायटेशन किंवा उल्लेख. यूजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये अशा उल्लेखांच्या सूचीची कल्पना ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली, तेव्हा जुन्या निबंधावर पुढे कोणी कोणती टीका केली हे अभ्यासकाला शोधता यावे, असा तिचा एक हेतू होता. वाचकांसाठी योजलेली ही सोय पुढे निवड समित्यांच्या हाती तराजू म्हणून आली. 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांकाची भर घातली; ज्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 उल्लेख मिळाले त्याचा निर्देशांक 20, इतके ते गणित सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच कार्यालयांना ते फार मानवले.

या तराजूत काय जड ठरते हे जेफ आणि जेन डॉइल यांच्या 1987 मधील पाच पानी निबंधावरून कळते. ताज्या पानाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए वेगळा करण्याची कृती, एवढाच त्याचा विषय. पानांतील चिकट बहुशर्करा डीएनएबरोबर उतरतात आणि पुढचा प्रयोग बिघडवतात. ‘सीटॅब’ या अपमार्जकाने त्या बाजूला काढण्याची युक्ती आधीपासून माहीत होती, डॉइल दांपत्याने ती सुटसुटीत केली. निबंध छापून आला तो ‘फायटोकेमिकल बुलेटिन’ या किरकोळ पत्रकात, आणि तरीही जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचा हजारो वेळा उल्लेख केला. त्यांतील अनेकांनी ते पत्रक डोळ्यांनी पाहिलेही नसावे. निबंध कुठे छापला यावरून त्याची योग्यता ठरवणाऱ्यांनी या उदाहरणाचा कधी विचार केलेला दिसत नाही. शिवाय असा उल्लेख कृती उपयोगी पडल्याची पावती असतो. एखादी कल्पना कोणाला पटली, एवढेच काय, कोणी समजून घेतली, याचा तो पुरावा नव्हे.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात मिळालेल्या उल्लेखांची सरासरी, शेतीच्या बाबतीत तर अधिकच अन्यायकारक आहे, कारण वर्षाला एकच हंगाम मिळणाऱ्या पिकावरील निष्कर्ष शेतात पडताळून पाहण्यातच दोन-तीन वर्षे निघून जातात. प्रयोगशाळेत वनस्पतीचा काळ क्वचित आखडताही येतो: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एरवी कित्येक दशकांनी फुलणाऱ्या बांबूला ऊतिसंवर्धनाद्वारे, म्हणजे काचपात्रातील पोषक माध्यमात, अल्पावधीत फुलवले आणि ते काम 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. रानातल्या बांबूला मात्र दोन वर्षांच्या हिशेबाशी काही देणेघेणे नाही.

प्रस्तुत वक्त्याच्या स्मरणात एका निवड समितीची बैठक आहे. करडईच्या मावा किडीविरुद्धच्या प्रतिकारक्षमतेवर अनेक रब्बी हंगाम घालवलेल्या उमेदवाराला तेथे करडईविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही; निर्देशांक विचारला गेला, तो लहान निघाला आणि मुलाखत संपली. तो लहानच असणार होता. उल्लेख करतात ते त्याच वनस्पतीवर किंवा त्याच पद्धतीने काम करणारे लोक, आणि ज्या अरॅबिडॉप्सिसचा जनुकसंच 2000 मध्येच वाचून झाला, त्या मोहरीच्या कुळातील चिमुकल्या तणावर जगभर प्रयोगशाळा राबत असताना करडई, कारळा, नाचणी यांच्या वाट्याला मोजकेच अभ्यासक येतात. अरॅबिडॉप्सिसने शास्त्राला दिलेले ज्ञान अमोल आहे, याबद्दल वाद नाही. परंतु उल्लेख अधिक मिळतात म्हणून आपले पीक सोडून त्याच्यामागे जाणे ही या पिढीने टाळण्याजोगी गोष्ट आहे, आणि भाषणातील इतर सर्व विसरले तरी एवढे स्नातकांनी विसरू नये, अशी प्रस्तुत वक्त्याची आग्रहाची विनंती आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक आकडेवारीत कमी भरते म्हणून प्रयोगशाळेतून गेले, तर ते परत आणणारा कोणताही निर्देशांक नाही.

2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आखलेल्या जाहीरनाम्याने संशोधकाचे मूल्यमापन इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये असे सांगितले. अर्जांतील रकाने मात्र फारसे हललेले नाहीत. आजच्या स्नातकांपैकी काही जण पुढे अशाच समित्यांवर बसतील, तेव्हा त्यांनी उमेदवाराचा किमान एक निबंध वाचून जावे आणि त्याच्या पिकाला वर्षातून किती हंगाम मिळतात, हे आधी विचारावे.