शर्यतीच्या मोटारीचे शिक्षण : निवड आणि खर्च



कोकण विभागीय शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालांनी राज्यात सातत्याने अग्रस्थान राखले आहे, ही सिंधुदुर्ग जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. परंतु निकाल लागल्यानंतरच्या दोन महिन्यांत घराघरांतून जे निर्णय घेतले जातात, त्यांकडे तितकेसे लक्ष जात नाही. अलीकडे या निर्णयांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. शर्यतीच्या मोटारींचे अभियांत्रिकी शिक्षण घ्यावयाचे, आणि तेही इंग्लंडमध्ये, असा आग्रह काही मुले-मुली धरू लागली आहेत. अशा वेळी वडील मंडळी एकतर 'हे खूळ आहे' असे म्हणून विषय बंद करतात किंवा मुलांच्या हौसेपोटी आंब्याची बाग गहाण टाकण्याचा विचार करू लागतात. हे दोन्ही मार्ग टाळता येण्याजोगे आहेत.

मुलांची ओढ अनाठायी नाही

मालवण, देवबाग, तारकर्ली, आचरा या किनाऱ्यावरील मुलाला इंजिन ही परकी वस्तू नाही. यांत्रिक नौकेचे डिझेल इंजिन खोलताना, पर्यटकांना फिरविणाऱ्या होडीच्या मागे बसविलेले इंजिन दुरुस्त होताना तो लहानपणापासून पाहत असतो. शर्यतीच्या मोटारीचा अभियंता तरी याहून वेगळे काय करतो? इंजिनातून अधिक शक्ती कशी मिळेल, गाडीचे वजन कसे घटेल, वळणावर चाकांची पकड कशी टिकेल आणि हवेचा विरोध कसा कमी होईल, हेच त्याचे प्रश्न असतात. धावत्या गाडीवरील यंत्रे जी मोजमापे नोंदवितात, त्यांवरून तो दोष शोधतो. पाया यंत्र अभियांत्रिकीचाच. घाई मात्र अधिक आणि चुकीला क्षमा कमी.

भारतालाही हे क्षेत्र नवे राहिलेले नाही. २००५ साली नारायण कार्तिकेयन हे फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारे पहिले भारतीय ठरले. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतीय ग्रां प्री भरली. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेत २०१४ च्या पहिल्या हंगामापासून महिंद्र समूहाचा संघ भाग घेत आला आहे. तथापि, मुंबईच्या या उद्योगसमूहाच्या शर्यत संघाचे कार्यस्थान इंग्लंडमधील बॅनबरी येथे आहे, ही बाब पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. फॉर्म्युला वनमधील बहुसंख्य संघांच्या कार्यशाळाही सिल्व्हरस्टोनच्या आसपासच्या इंग्लंडच्या त्याच टापूत वसलेल्या आहेत. म्हणूनच ऑक्सफर्ड ब्रूक्स, क्रॅनफिल्ड यांसारख्या तेथील विद्यापीठांनी या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम चालविले. पण तेथे शिकणे वेगळे आणि तेथे नोकरीत राहणे वेगळे. परदेशी पदवीधराला कायम काम करण्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी पुरस्कर्ता होणारी कंपनी मिळावी लागते. कर्ज काढताना हा धोका हिशेबात धरलाच पाहिजे.

पाया विस्तृत असावा

या सर्वांचा विचार करता प्रथम पदवी यंत्र किंवा स्वयंचलित वाहन अभियांत्रिकीची आणि ती आपल्याच देशात घ्यावी, हे अधिक हिताचे. शर्यतीचा विशेष अभ्यास त्यानंतर करता येतो. अशा पदवीधराला शर्यतीच्या क्षेत्रात वाव मिळाला नाही, तरी पुणे-चाकणचे वाहन कारखाने, सुट्या भागांचे उद्योग, विजेच्या वाहनांचे नवे कारखाने आणि आपल्या किनाऱ्यावरील नौका-इंजिनांचा व्यवसाय ही दारे त्याला उघडी असतात. केवळ शर्यतीच्या नावाची पहिली पदवी घेणाऱ्याचे क्षेत्र त्या मानाने अरुंद होण्याचा संभव असतो.

या पदवीकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. बारावी विज्ञान शाखेनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देणे ही पहिली. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविणे ही दुसरी. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन असल्यामुळे दुसरी वाट येथील कुटुंबांना घराजवळून सुरू करता येते. शासकीय संस्थेचे शुल्क माफक असते, बाहेरगावी राहण्याचा खर्च वाचतो आणि पदवी पूर्ण झाली नाही तरी हाती पदविका उरते. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलाला ही वाट कमी प्रतीची आहे असे कोणी भासवू नये.

महाविद्यालयाची पारख

माहितीपत्रकातील छायाचित्रांवरून महाविद्यालय निवडणे धोक्याचे असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि त्या विशिष्ट शाखेचे मूल्यांकन प्रथम पाहावे. त्यानंतर विद्यार्थ्यांनी स्वतः मोटार बांधली आहे काय, हे विचारावे. अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या विद्यार्थी-मोटार स्पर्धेच्या धर्तीवर आज आपल्याकडे फॉर्म्युला भारत, सुप्रा, बाहा अशा स्पर्धा होतात. मुंबईच्या आय. आय. टी.चा विद्यार्थी संघ आपली विजेची मोटार घेऊन सिल्व्हरस्टोनच्या स्पर्धेतही उतरला आहे.

फॉर्म्युला गटाच्या स्पर्धांत साधारणतः १,००० गुण असतात आणि त्यांपैकी ३२५ गुण गाडी धावण्यापूर्वीच आराखडा, खर्चाचा तपशील व व्यवसाय योजना यांवर दिले जातात. उरलेल्या गुणांत सर्वांत मोठा वाटा सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्ती फेरीचा. तेव्हा महाविद्यालयाची गाडी ही फेरी पूर्ण करते काय आणि तिचे भाग विद्यार्थी स्वतः घडवितात की बाहेरून आणतात, एवढे दोन प्रश्न कार्यशाळेत जाऊन विचारले, तरी पुष्कळ उलगडा होतो. नोकरी देणारेही अशा मुलाखतीत गुणपत्रिकेइतकेच या अनुभवाविषयी विचारतात.

पैशाची जुळवाजुळव

पैसा उभा करताना क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम शुल्कमाफी, नंतर शिष्यवृत्ती, मग स्वतःची बचत आणि सर्वांत शेवटी कर्ज. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील गुणवान विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांव्यतिरिक्त पाच टक्के जागा शिक्षण शुल्कमाफीच्या असतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून याच उत्पन्नमर्यादेत निम्मे शुल्क मिळते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शुल्कसवलत लागू झाली. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हे लाभ मिळत नाहीत. खासगी वा अभिमत विद्यापीठ असेल, तर कोणती सवलत लागू होते हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

परदेशातील उच्च शिक्षणासाठीही राज्य शासनाच्या विविध प्रवर्गांकरिता शिष्यवृत्ती योजना आहेत. त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. शर्यत अभियांत्रिकीसाठी नावाजलेले प्रत्येक विद्यापीठ त्या क्रमवारीत बसेलच असे नाही. म्हणून आधी योजनेचे नियम वाचावेत आणि मग अर्ज करावा.

कर्जाचा हिशेब तर घरीच मांडून पाहावा. पाच लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारे ६,६०० रुपये येतो. इंग्लंडमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला राहणीमानासह तीस ते चाळीस लाख रुपये लागू शकतात. पस्तीस लाखांच्या कर्जाचा त्याच दराने हप्ता सुमारे ४६,००० रुपये होतो. शिक्षणकाळातील व्याज निराळेच. पहिला हप्ता नवशिक्या अभियंत्याच्या पगारातून भागतो. दुसरा हप्ता मायदेशी परतलेल्या नवशिक्याच्या जवळजवळ सबंध पगाराएवढा असू शकतो, आणि मग तो बागेच्या किंवा नौकेच्या उत्पन्नावर येऊन पडतो. मासळीचा एक हंगाम हुकला, तर अशा घराची काय अवस्था होईल, हे या किनाऱ्याला सांगावयास नको.

शाळा आणि पंचायतीचे काम

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता व नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रे वेळेवर न मिळाल्यामुळे पात्र विद्यार्थ्यांची सवलत हुकू शकते. ही कागदपत्रे निकालानंतर नव्हे, तर दहावी-बारावीच्या वर्षातच तयार व्हावीत, यासाठी पंचायत सदस्यांनी आपल्या वाडीतील कुटुंबांची यादी हाती घ्यावी. शिक्षकांनी नववीपासून गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया पक्का करावा, मुलांना तंत्रनिकेतनाची कार्यशाळा दाखवावी आणि पालकांसमोर वरील हिशेब फळ्यावर मांडावा.

स्वप्न मोठे असण्यास कोणाची हरकत नाही. ते पुरे करण्यासाठी घरची बाग वा नौका पणाला लावावी लागू नये, एवढी व्यवस्था गावाने आणि शाळेने मिळून केली, तर मालवणच्या किनाऱ्यावरील एखादा मुलगा वा मुलगी उद्या शर्यतीच्या मोटारीजवळ अभियंता म्हणून उभी राहील, अशी आशा बाळगण्यास निश्चितच जागा आहे.